लाल ओळींना नको, कोऱ्या जागेला घाबरा

प्रोजेक्ट सबमिशनचा सीझन आला की कॉलेजच्या लॅबमध्ये दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एकाच्या स्क्रीनवर शंभर लाल ओळी असतात आणि तो डोक्याला हात लावून बसलेला असतो. दुसरीच्या स्क्रीनवर एकही लाल ओळ नसते. ॲप झकास उघडतं, बटणं दाबली जातात, रंगसंगतीही मस्त. फक्त जिथे विद्यार्थ्याचं नाव दिसायला हवं, तिथे काहीच नाही. कोरी जागा. सगळे पहिल्याची कीव करतात. आमचं म्हणणं असं, की काळजी दुसरीची करा. पहिल्याला निदान कोणीतरी ओरडून सांगतंय की काहीतरी बिघडलंय. दुसरीला कोणी काहीच सांगत नाहीये.

दोस्तांनो, आजचा विषय तुमच्यातल्या आयटी, कॉम्प्युटर, बीसीए, डिप्लोमावाल्यांच्या रोजच्या डोकेदुखीचा आहे: मोबाईल ॲपमधलं डेटा बाइंडिंग आणि त्यातले एरर. बाकीच्यांनीही पान उलटू नका. स्क्रीनवर दिसतंय ते खरं मानून आपण सगळेच दिवसभर निर्णय घेतो. त्यामुळे हा प्रश्न एकट्या कोडिंगवाल्यांचा नाही.

इंडिकेटर आणि गाडी

डेटा बाइंडिंग म्हणजे काय, हे समजायला रेल्वे स्टेशनवरचा इंडिकेटर डोळ्यांसमोर आणा. गाडी एकीकडे धावतेय, इंडिकेटर दुसरीकडे लटकतोय. गाडी पाच मिनिटं लेट झाली, तर इंडिकेटरवरचा आकडा आपोआप बदलायला हवा. कोणीतरी जिना चढून जाऊन हाताने बदलायचा नाही. गाडी म्हणजे तुमचा डेटा, इंडिकेटर म्हणजे स्क्रीन आणि या दोघांमध्ये मारलेली गाठ म्हणजे बाइंडिंग. डेटा बदलला की स्क्रीन बदलते. दुहेरी गाठ मारली, तर स्क्रीनवर टाइप केलेलं उलट डेटामध्येही जातं.

ही कल्पना नवी नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी स्क्रीन आणि डेटा यांच्यामध्ये 'व्ह्यूमॉडेल' नावाचा मध्यस्थ ठेवायची पद्धत मांडली आणि तो मध्यस्थ स्क्रीनशी बाइंडिंगनेच जोडलेला होता. २०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी डेटा बाइंडिंग लायब्ररी आणली. पुढे जेटपॅक कंपोज आलं, फ्लटर आलं. नावं आणि पद्धती बदलल्या, गाठ मात्र राहिली. आणि जिथे गाठ आहे, तिथे ती सैल पडणं, चुकीच्या ठिकाणी बसणं किंवा मारायचीच राहून जाणं हेही आलंच.

शंभर ओळी, चूक एक

आधी लाल ओळींची भीती घालवू. अँड्रॉइडमध्ये डेटा बाइंडिंग वापरलं की तुमच्या प्रत्येक लेआउट फाइलसाठी एक बाइंडिंग क्लास आपोआप तयार होतो. तो तुम्ही लिहीत नाही, यंत्रणा लिहिते. आता एखाद्या लेआउटमध्ये तुम्ही व्हेरिएबलचं नाव चुकवलंत, किंवा 'आणि' यासाठीची दोन अँपरसँड चिन्हं एक्सएमएलमध्ये जशीच्या तशी टाकलीत (एक्सएमएलला ती चालत नाहीत, तिथे त्यांचं वेगळं रूप लिहावं लागतं), तर अशा एका चुकीने ते क्लास तयार होणंच थांबू शकतं. मग ज्या ज्या फाइलमध्ये ते क्लास वापरलेत, ती प्रत्येक फाइल कुरकुर करते: 'सिम्बॉल सापडत नाही'.

बघता बघता ओळींचा डोंगर होतो. गंमत म्हणजे जावाचा कंपायलर मुळात शंभरच एरर दाखवतो आणि थांबतो. म्हणजे मोठ्या प्रोजेक्टमध्ये खरी चूक एकशेएकाव्या जागी असेल, तर ती तुम्हाला दिसतच नाही. कधी कधी तर चूक डेटा बाइंडिंगमध्ये नसतेच. डेटाबेससाठी वापरलेल्या रूम लायब्ररीतल्या एखाद्या क्वेरीत गडबड असते. कोड तयार करणारी सगळी साखळीच तिथे तुटते आणि आळ येतो बाइंडिंगवर.

अशा वेळी काय करायचं? पहिल्या ओळीवर तुटून पडायचं नाही. 'बाइंडिंग क्लास सापडत नाही' असं म्हणणाऱ्या सगळ्या ओळी बाजूला ठेवा. ते परिणाम आहेत, कारण नव्हे. उरलेल्या यादीत जी ओळ वेगळं काहीतरी म्हणतेय, तिच्यावर बोट ठेवा. बिल्डचा पूर्ण मजकूर उघडा, शेवटपर्यंत खाली जा. शंभरची मर्यादा आड येत असेल, तर ग्रेडलच्या सेटिंगमध्ये ती वाढवता येते. ॲप चालू असताना क्रॅश झालं असेल, तर लॉगमध्ये 'कॉज्ड बाय' असं जिथे जिथे लिहिलंय, त्यातलं सगळ्यात खालचं वाचा. मूळ कारण बहुतेकदा तिथेच असतं.

आणि मजकूर खरोखर वाचा. एक नेहमीचं उदाहरण घ्या. प्रोफाइलच्या स्क्रीनवर वय दाखवायचंय. तुम्ही टेक्स्टच्या जागी थेट वयाचा आकडा बांधलात. वय आहे २१. ॲप कोसळतं आणि सांगतं, की शून्य-एक्स-पंधरा या क्रमांकाचा स्ट्रिंग रिसोर्स सापडला नाही. आता तुम्ही तर कुठल्याच रिसोर्सचं नाव घेतलेलं नाही! मग हा पंधरा आला कुठून? षोडशमान पद्धतीतला १५ म्हणजे आपला साधा २१. टेक्स्ट दाखवणाऱ्या फंक्शनला मजकूर दिला तर ते मजकूर दाखवतं, पण पूर्णांक दिला तर त्याला वाटतं, की या नंबरचा तयार मजकूर शोधून आणायचाय. तुमचं वय त्याने पत्ता समजून शोधलं. आकड्याचं आधी मजकुरात रूपांतर करा, काम फत्ते. बघा, एररने सगळं सांगितलं होतं, अगदी वयासकट. आपण फक्त लाल रंग बघून डोळे मिटतो.

जिथे कोणीच ओरडत नाही

आता कोऱ्या जागेकडे वळू. कारण खरी परीक्षा इथे आहे.

अँड्रॉइडचं डेटा बाइंडिंग स्वभावाने फार सोशिक आहे. तुम्ही यूजरचं नाव मागितलंत आणि यूजरच नल असेल, तर ॲप क्रॅश होत नाही. मजकुराच्या जागी नल घेतलं जातं आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. आकडा मागितलात तर शून्य घेतला जातो. व्ह्यूमॉडेल तयार केलं पण ते बाइंडिंगला द्यायचंच राहिलं, तरी हेच होतं. सगळं सुरळीत, सगळं कोरं.

दुसरा प्रकार याहून छळणारा. लाइव्हडेटा वापरलाय, व्ह्यूमॉडेलही दिलंय, पण बाइंडिंगला 'लाइफसायकल ओनर' सांगितलेला नाही. मग काय होतं? स्क्रीन उघडताना जी किंमत असेल ती एकदा दिसते. त्यानंतर डेटा कितीही बदलो, स्क्रीन ढिम्म. गाडी ठाण्याला पोचली तरी इंडिकेटर दादरवरच. चूक एका ओळीची, शोधायला अख्खी रात्र.

तिसरा प्रकार: सर्व्हरकडून येणाऱ्या डेटात नाव 'फुल अंडरस्कोर नेम' असं आहे आणि तुमच्या क्लासमध्ये अंडरस्कोरशिवाय जोडून लिहिलंय. जीसन लायब्ररी तक्रार करत नाही. जुळलं नाही ते नल म्हणून सोडून देते. याचाच मोठा भाऊ डेमोच्या दिवशी भेटतो. डीबग बिल्डमध्ये सगळं उत्तम चालत होतं, एक्स्टर्नलसमोर रिलीज बिल्ड टाकलं आणि सगळी नावं गायब! कारण रिलीज करताना आर-एट नावाचं टूल कोड आटोपशीर करतं आणि त्या भरात तुमच्या फील्डची नावंच बदलून 'ए', 'बी', 'सी' करून टाकतं. मग सर्व्हरच्या नावाशी ती जुळणार कशी? उपाय आहे. फील्डवर सर्व्हरकडचं नाव स्पष्ट लिहायचं किंवा आर-एटला 'या क्लासला हात लावू नकोस' असं सांगायचं. पण त्याआधी डेमोला जे बिल्ड न्यायचंय, तेच बिल्ड दोन दिवस आधी फोनवर चालवून बघायला हवं. हे किती जण करतात?

चौथा प्रकार हजेरीच्या ॲपमध्ये हमखास दिसतो. यादीत तिसऱ्या मुलीला टिक केलं, खाली स्क्रोल केलं, तर तेराव्या मुलाच्या नावापुढेही टिक! भूतबाधा नाही. रीसायकलरव्ह्यू नावाप्रमाणेच वागतो. वर सरकून गेलेली ओळ तो खाली पुन्हा वापरतो. टिक तुम्ही स्क्रीनवर केलीत, डेटामध्ये नोंदवली नाहीत. किंवा 'हजर असेल तर टिक लाव' एवढंच लिहिलंत, 'नसेल तर काढ' हे लिहायचं विसरलात. परिणाम काय? गैरहजर मुलगा हजर दिसतो.

फ्लटरवाल्यांनी आणि कंपोजवाल्यांनी इतक्यात हसू नये. फ्लटरमध्ये व्हेरिएबल बदललं पण सेटस्टेट केलं नाही, तर स्क्रीनला बदल कळतच नाही. कंपोजमध्ये साधी लिस्ट स्टेटमध्ये गुंडाळून ठेवली आणि तिच्यात परस्पर एक आयटम घातला, तर लिस्ट तीच राहते, म्हणून स्क्रीनही तशीच. रिॲक्ट नेटिव्हमध्येही हीच कथा. टूल कोणतंही असो, रोग एकच: बदल झाला, पण कळवला नाही.

स्क्रीन खोटं बोलते तेव्हा

'एवढं काय त्यात, मार्क दोन-चार जातील,' असं वाटत असेल तर थेरॅक-२५ ची गोष्ट वाचा.

हे कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देणारं कॅनडातल्या सरकारी कंपनीचं मशीन. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याचे सहा अपघात नोंदले गेले. रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट रेडिएशन मिळालं, काहींचा जीव गेला. त्यातले दोन अपघात टेक्सासमधल्या टायलर शहरात, १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये झाले. ऑपरेटरने उपचाराचा प्रकार टाइप करताना एक अक्षर चुकवलं, लगेच कर्सर वर नेऊन दुरुस्त केलं. स्क्रीनवर दुरुस्त झालेला प्रकार दिसला. पण मशीनने आधीच्या अक्षरानुसार आतली जुळवाजुळव सुरू केली होती. त्याला साधारण आठ सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचतच नसे. स्क्रीन एक म्हणत होती, मशीन दुसरंच करत होतं. एरर आला तोही कसा? 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ ऑपरेटरला कळावा अशी सोय नव्हती. असे निरर्थक मेसेज रोजच यायचे, म्हणून पुढे जायचं बटण दाबायची सवय झालेली.

मार्चच्या अपघातानंतर मशीन तपासलं गेलं. दोष पुन्हा घडवता आला नाही, म्हणून ते पुन्हा वापरात आलं. तीन आठवड्यांनी दुसरा अपघात झाला. मग त्या हॉस्पिटलचा भौतिकशास्त्रज्ञ आणि तीच ऑपरेटर दोघं मशीनसमोर ठाण मांडून बसले आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिले. शेवटी गुपित सापडलं: टाइप करण्याचा वेग. सरावलेल्या हाताने झटपट दुरुस्ती केली, तरच दोष दिसायचा. हळूहळू तपासणाऱ्याला तो कधी दिसलाच नसता.

तिथे आजच्यासारखी बाइंडिंग लायब्ररी नव्हती. पण रोग ओळखीचा आहे ना? स्क्रीन आणि आतलं सत्य यांची गाठ सुटली होती. आणि ती सापडली कशाने? 'पुन्हा घडवून दाखव' या जिद्दीने.

तुमचं ॲप कोणाच्या जिवावर उठणार नाही, हे मान्य. पण उद्या तुमच्यातलाच कोणी औषधांच्या वेळांचं ॲप लिहील, कोणी पतसंस्थेच्या कर्जाचं, कोणी धरणातल्या पाणीसाठ्याचं. तिथे 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सर्व्हर बंद असताना 'बाकी रक्कम ०' असं दाखवणारं ॲप खोटं बोलतंय. म्हणून प्रत्येक स्क्रीनच्या चार अवस्था आधीच ठरवा: माहिती येतेय, आली, आली पण रिकामी आहे आणि आलीच नाही. चौथ्या अवस्थेत सरळ लिहा, 'माहिती मिळाली नाही'. कोऱ्या जागेपेक्षा हे चार अक्षरं बरे.

उदबत्तीवालं डीबगिंग सोडा

आपल्याकडे एक लोकप्रिय पद्धत आहे. क्लीन करा, रीबिल्ड करा, कॅश उडवा, अँड्रॉइड स्टुडिओ बंद करून चालू करा, नाहीच झालं तर लॅपटॉप रीस्टार्ट. उदबत्ती ओवाळल्यासारखं! कधी कधी ते चालतंही, कारण आपोआप तयार झालेला जुना कोड खरंच अडकून बसलेला असतो. पण का चाललं हे न कळता चाललं, तर तो एरर पुन्हा येणार आणि नेमका व्हायवाच्या सकाळी येणार.

त्यापेक्षा साधी शिस्त लावा. चूक नेमकी कोणत्या पायऱ्यांनी घडते ते आधी कागदावर लिहा. ती हुकमी घडत नसेल, तर पुढे जाऊ नका. मग वाट निम्मी करा. डेटाच्या प्रवासात तीन स्टेशनं असतात: सर्व्हर किंवा डेटाबेस, व्ह्यूमॉडेल आणि स्क्रीन. लेआउटमध्ये बाइंडिंग काढून तिथे हाताने 'नमस्कार' लिहा. दिसलं, तर स्क्रीन ठीक आहे. व्ह्यूमॉडेलमध्ये ब्रेकपॉइंट लावा किंवा एक लॉग टाका. डेटा तिथे पोचलाय? मग गाठ सुटलीय ती पुढच्या टप्प्यात. नाही पोचला? मग मागे बघा. दोन प्रश्नांत शोधायची जागा किती आकसली बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी गिटमध्ये कमिट करा, म्हणजे परतीचा रस्ता राहील.

आणि अडलात तर कोणाला तरी समजावून सांगा. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या १९९९ च्या पुस्तकामुळे रबरी बदकाला कोड समजावून सांगायची युक्ती जगभर पसरली. बदक नसेल तर रूममेट चालेल, त्याला कोडिंग न आलेलंच बरं. 'इथून नाव येतं, मग इथे जातं, मग...' असं म्हणता म्हणता आपणच थबकतो. सापडलं!

'पण एआयला विचारलं की सांगतंच की!' जरूर विचारा. वापरू नका असं सांगणाऱ्यांतले आम्ही नाही. पण लाल ओळ चिकटवून उत्तर मागता येतं, कोऱ्या जागेचं काय चिकटवणार? अख्खा कोड दिलात तर ते पाच शक्यता सांगेल. त्यातली तुमची कोणती, हे ठरवायला ब्रेकपॉइंट तुम्हालाच लावावा लागेल. 'माझं ॲप चालत नाहीये' असं विचारणारा आणि 'व्ह्यूमॉडेलमध्ये नाव बरोबर येतंय, स्क्रीनवर पहिल्यांदा दिसतं, बदलल्यावर मात्र दिसत नाही' असं विचारणारी, या दोघांना एकाच एआयकडून वेगळी उत्तरं मिळतात. तो फरक एआयने नाही, तुमच्या तपासाने पडतो.

मार्क कशाला?

शेवटी थोडं सरांना आणि मॅडमनाही. आपल्या प्रॅक्टिकलचा साचा ठरलेला आहे: एम, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, सही. आउटपुट आलं की मार्क. मग मुलं आउटपुटच आणतात, कुठून का होईना. वर्षभराच्या प्रोजेक्टचं ब्लॅक बुक उघडून बघा. युज केस डायग्राम आहे, स्क्रीनशॉट आहेत, 'फ्युचर स्कोप' आहे. काय मोडलं होतं आणि ते कसं शोधलं, याचं एक पानही नाही. नोकरीत गेल्यावर मात्र दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधण्यात जातो.

आमची मागणी छोटी आहे. जर्नलमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलला एक पान चुकीसाठी ठेवा. काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं. त्याला मार्क द्या. लॅबच्या परीक्षेत कधीतरी कोरा प्रोग्रॅम लिहायला सांगण्याऐवजी मोडलेलं ॲप हातात द्या आणि म्हणा, शोधा. कॉपी करायला तिथे काही उरणार नाही.

कॉलेज ऐकेल तेव्हा ऐकेल. तुम्ही येत्या रविवारी एवढं करा: चालू असलेलं आपलं ॲप मुद्दाम मोडा. लाइफसायकल ओनरची ओळ काढा. फील्डचं एक अक्षर बदला. वयाच्या जागी थेट आकडा बांधा. प्रत्येक वेळी काय दिसतं, काय दिसत नाही, ते वहीत लिहा. मग मित्राचं ॲप त्याने मोडायचं आणि तुम्ही शोधायचं, तुमचं तुम्ही मोडायचं आणि त्याने शोधायचं. हरेल त्याने कटिंग पाजायचा. ज्या चुकीचा चेहरा एकदा निवांतपणे पाहिलेला असतो, ती डेमोच्या दिवशी समोर आली तरी पाय लटपटत नाहीत.